सत्तावीस निमंत्रक आणि एक सही

बांधकामावरून मजूर पडला की तालुक्याच्या वार्ताहराला तीन गोष्टी विचाराव्या लागतात. मजुराचं नाव, त्याचं गाव आणि ठेकेदाराचं नाव. पुण्याच्या एका दैनिकासाठी शिरूरहून नऊ वर्षं बातम्या पाठवताना मी या तीन गोष्टी न चुकता विचारल्या. बातमी दोन परिच्छेदांची होई. पहिल्यात माणूस पडे, दुसऱ्यात ठेकेदारावर गुन्हा दाखल होई. पानात जागा कमी पडली तर दुसरा परिच्छेद कापला जाई. बांधकाम कुणासाठी चाललं होतं, हे बातमीत येत नसे. त्या माणसाचं नाव एकदाच छापलं जाई, उद्घाटनाच्या बातमीत, फोटोसह.

पुढे रांजणगावची एमआयडीसी वाढली. आसपासच्या शेतांत बातम्यांपेक्षा शेड जास्त उभ्या राहू लागल्या. मी पुण्याला जाऊन औद्योगिक सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि शिरूर-दौंड भागातल्या बांधकामांवर सेफ्टी ऑफिसर म्हणून काम धरलं. जुन्या आणि नव्या कामात फरक एवढाच होता, की पूर्वी माणूस पडल्यावर पोचायचं, आता पडण्याआधी पोचायचं.

सेफ्टी ऑफिसर नेमकं काय करतो, हे सोयऱ्यांना अजूनही पटवून देता आलेलं नाही. तो वीट लावत नाही, वेल्डिंग करत नाही, हिशेब ठेवत नाही. तो हिंडतो, वर बघतो आणि नाही म्हणतो. त्याचं काम नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याचा फोटो काढता येत नाही.

माणसं मात्र नाना तऱ्हेची भेटली. कुरकुंभजवळच्या एका मालकाने चाळीस हेल्मेटं आणून कपाटात कुलपात ठेवली होती. मजूर ती खराब करतील, अशी त्याला भीती होती. दौंडच्या एका साइटवर प्रथमोपचाराची पेटी होती, तिला कुलूप होतं, आणि किल्ली मालकासोबत पुण्याला असे. कुणाला लागलं तर फोन करा, मी लगेच निघतो, असं त्याने पेटीवर लिहून ठेवलं होतं. तो शब्दाचा पक्का होता. निघाला असता. पोचायला दीड तास लागला असता.

या सगळ्यांत एक समजूत समान होती. काम ठेक्याने दिलं की मजुरांची काळजी ठेकेदाराची. कायदा तसं म्हणत नाही. बांधकाम मजुरांचा कायदा शहाण्णव सालचा आहे. मजुरांची जबाबदारी ज्याच्यावर टाकली आहे, त्याची व्याख्या त्यात मालकापासून सुरू होते. ठेकेदार नंतर येतो. काम सुरू होण्याच्या तीस दिवस आधी कामगार खात्याच्या निरीक्षकाला लेखी कळवायचं. पिण्याचं पाणी, संडास, प्रथमोपचार यांची सोय बघायची. उंचीवर काम असेल तर माणसाला पट्टा, पट्टा अडकवायला दोर आणि खाली जाळी आहे का, हे बघायचं. राज्याचे नियम यायला पुढे दहाएक वर्षं गेली. ते आले त्याच सुमाराला शंकर आप्पांचं गोडाऊन उभं राहत होतं.

शंकर आप्पा म्हणजे रांजणगावच्या अलीकडचे झेंडूचे आणि तरकारीचे शेतकरी. वय साठीच्या आसपास, डोक्याला पांढरी टोपी, गळ्यात दोरीला लावलेला मोबाईल. एमआयडीसीच्या कुंपणाला लागून त्यांचं चार एकरांचं रान होतं. पुण्याच्या एका कंपनीला तिथे गोडाऊन हवं होतं; आप्पांनी बांधायचं आणि कंपनीने भाड्याने घ्यायचं, असं ठरलं. कंपनीची एक अट होती, की साइटवर सेफ्टी ऑफिसर असावा आणि तो मालकाने नेमावा. आप्पांनी मला नेमलं. त्यांच्या चुलत्याच्या सत्काराची बातमी मी एकदा चार कॉलम छापून आणली होती, ही माझी पात्रता. ते मला शेवटपर्यंत ‘पत्रकार’ म्हणत राहिले. ज्याच्याकडून पगार घ्यायचा त्यालाच थांबवायचं, अशी ही नोकरी होती.

पहिल्या दिवशी साइटवरच्या कंटेनरमध्ये, ज्याला आम्ही ऑफिस म्हणत होतो, मी त्यांच्यापुढे निरीक्षकाला द्यायच्या सूचनेचा फॉर्म ठेवला. त्यांची मुलगी मनीषा शेजारच्या टेबलावर सिमेंटच्या पावत्या लावत होती. ती शिरूरच्या कॉलेजातून बी. कॉम. झाली होती आणि आप्पांची सगळी लिखापढी तिच्याकडे होती.

“आप्पा, काम सुरू करण्याआधी निरीक्षकांना कळवायला लागतं. तेही महिनाभर आधी.”

“कळवलं की.”

“कधी?”

“भूमिपूजनाची पत्रिका धाडली न्हाई का त्यांच्या हापिसात? हळदीकुकू लावून धाडली. कळवायचंच हाय न्हवं?”

पत्रिका मी पाहिली. खाली ‘आपले विनीत’ म्हणून सत्तावीस नावं होती. त्यातल्या दोघांच्या नावाआधी ‘कै.’ होतं.

“फॉर्ममध्ये जबाबदार व्यक्ती असा रकाना आहे,” मी म्हणालो. “तिथे तुमचं नाव आणि सही.”

“माझ्या एकट्याचं?”

“एकच नाव बसतं तिथे.”

आप्पांनी फॉर्म लांब धरून पाहिला. “एकट्याचं नाव टाकलं तर भावकी रुसंल, पत्रकार. म्हणतील, गोडाऊन झालं आन् शंकरला आम्ही दिसंनात. आन् मुळात माझा काय संबंध? ठेका दिला म्हंजी कन्यादान केलं. आता सासरचं सासरच्यांनी बघावं.”

मनीषाने पावत्यांतून मान वर केली.

आप्पा टाळाटाळ करत होते, असं मला त्या दिवशी वाटलं. ते अर्धसत्य होतं. कुठल्याही कागदावर एकट्याचं नाव घालणं हा त्यांच्या लेखी खरोखरच उर्मटपणा होता. म्हणून त्यांनी कायद्याने सांगितलेली कामं कार्याची कामं वाटावी तशी वाटली. पाण्याचं खातं थोरल्या मेव्हण्याला गेलं. प्रथमोपचार पुतण्याकडे, कारण त्याचं औषधांचं दुकान होतं. संडासाचं खातं चुलत भावाला मिळालं, तो आठ दिवस आप्पांशी बोलला नाही. उंचीवरचं काम कुणाकडे द्यावं हे ठरेना, तेव्हा ते देवाकडे राहिलं. कोरा फॉर्म कंटेनरमधल्या गणपतीच्या तसबिरीमागे खोचला गेला.

अपघात नोंदवहीला तर त्यांनी साइटवर येऊच दिलं नाही.

“घरात कार्य हाय आन् तुम्ही अपघाताची वही आणताय?”

“कसलं कार्य?”

“मनीषाचं लगीन ठरलंय. दौंडची सोयरीक. लगीन हितंच, गोडाऊनमधी.”

मी विचारलं, की अजून पत्रे चढायचे आहेत, तर ते कधी. मुहूर्ताच्या आधी, असं उत्तर आलं. तालुक्यात एवढं मोठं छप्पर दुसरं नव्हतं. कंपनीच्या ताब्यात द्यायच्या आधी वास्तूत घरचं एक कार्य झालं की वास्तू लाभते, असं आप्पांना वाटत होतं. पत्रिका छापायला गेल्या होत्या. त्यावर पत्ता म्हणून गोडाऊनचा उल्लेख होता. आता एकतर छप्पर मुहूर्ताआधी पुरं करायचं, नाहीतर व्याह्यांपुढे शब्द खाली पडू द्यायचा. आणि छप्पर त्या वेगाने पुरं करायचं तर ते चढवणारी माणसं खाली पडू नयेत, याची काही सोय नव्हती.

बाहेरच्या वाचकासाठी छपराबद्दल थोडं सांगायला हवं. गोडाऊन म्हणजे लोखंडी खांब, त्यांवर कैच्या, म्हणजे लोखंडाचे त्रिकोणी सांगाडे, कैच्यांवर आडव्या पट्ट्या आणि पट्ट्यांवर पत्रे. आत उजेड यावा म्हणून मधूनमधून एक ओळ फायबरच्या पत्र्याची असते. तो पत्रा उजेड आत सोडतो, पण माणसाचं वजन पेलत नाही. बांधकामाची धूळ दोन दिवस बसली की वरून लोखंडी पत्रा आणि फायबरचा पत्रा सारखेच दिसतात. जाणता कारागीर पट्टीच्या रेषेवर पाय ठेवून चालतो. घाई झाली की रेषा सुटते. वार्ताहर असताना अशा पत्र्यातून पडलेल्या दोघांच्या बातम्या मी दिल्या होत्या. दोन्ही बातम्यांत ‘तोल जाऊन’ असं लिहिलं होतं. तोल गेला नव्हता. पत्रा गेला होता.

आमच्या छपरावर बिहारकडची सहा माणसं होती. त्यांचा मुख्य सुरेंदर मिस्त्री, चाळिशीचा, किरकोळ अंगाचा, बोलायला शांत. सहाही जणांकडे कमरेचे पट्टे होते, पण पट्टा अडकवायला दोर ताणलेला नव्हता. असा पट्टा बांधून माणूस पडला तर पट्ट्यासकट पडतो. जाळीही नव्हती. ठेकेदार म्हणे, जाळी मालकाने द्यायची. आप्पा म्हणत, जाळी ठेक्यात आली. मी दोघांना पत्रं लिहिली. दोघांनीही मला एकमेकांची उत्तरं दाखवली.

मग रोजचा एक क्रम सुरू झाला. सकाळी मी माणसांना खाली उतरवत असे आणि ठेकेदाराला फोन करत असे. तासाभराने आप्पा येत आणि त्यांना वर चढवत. चौथ्या दिवशी सुरेंदर मिस्त्रीने शिडीच्या मध्यावर थांबून आम्हा दोघांकडे पाहिलं.

“साहब, आप दोनों में से एक आदमी बोलिए। चढ़ने-उतरने में ही दिन निकल जाता है।”

“चढ रे,” आप्पा म्हणाले.

तो चढला. वर बघत राहण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. राजीनामा देता आला असता. तो मी लिहूनही ठेवला होता. पण मी गेलो असतो तर सकाळचा तो एक तासही माणसं खाली राहिली नसती.

मुहूर्ताला तीन आठवडे उरले असताना दौंडहून व्याही जागा बघायला आले. त्यांना सगळे तात्या म्हणत. कुरकुंभच्या एका रसायनाच्या कारखान्यात ते शिफ्ट इनचार्ज होते आणि निवृत्तीला आले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात काळे जाड बूट. सुट्टीच्या दिवशीही ते बूट का, असं मनात आलं. बांधकामावर ते दुसरं काही घालून जातच नसत, हे नंतर कळलं.

आप्पांनी आदल्या दिवशीच गोडाऊनच्या कोब्यावर चुन्याच्या फक्कीने रेघा मारून घेतल्या होत्या. निम्म्या भागावर पत्रे चढले होते, त्या सावलीत ते व्याह्यांना हाताला धरून फिरवत होते. मी दोन पावलं मागे होतो.

“हितं स्टेज. हितं तुमच्या वऱ्हाडाच्या खुर्च्या, पंख्याखाली. तिकडं पंगत. एका टायमाला पाचशे पान उठतंय बघा.”

“आन् वर काम चालू हाय का?” तात्यांनी विचारलं.

“शेवटचा हात चाललाय.”

त्याच वेळी वर मोठा आवाज झाला, धुळीचा लोट खाली आला आणि त्यामागून एक बूट आला. तो फक्कीच्या चौकोनात, नवरानवरी जिथे उभे राहणार होते तिथे, तात्यांपासून हातभर अंतरावर पडला. मी घड्याळ पाहिलं. जुनी सवय. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

व्याह्यांसमोर पादत्राण पडणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. याहून कमी कारणावरून जानवसघरातून वऱ्हाडं परत गेलेली आहेत. आप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी हात जोडले.

“तात्या, माफी असावी. भायेरची माणसं, त्यांस्नी मानपान कळत न्हाई. मी त्याला आत्ता खाली बलावतो आन् तुमच्या पाया पडाय लावतो.”

तात्या बुटाकडे बघतच नव्हते. ते वर बघत होते. फायबरच्या पत्र्यातून मांडीपर्यंत एक पाय खाली लोंबत होता. पायात मोजा होता आणि मोज्याला अंगठ्याशी भोक होतं.

“हलू नको,” तात्या वर बघून म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण तो पोचला. “हिलना मत। दूसरा पैर पट्टी पे है क्या?”

“है,” वरून उत्तर आलं.

“तो बैठे रहो। बाकी लोग पट्टी-पट्टी से आओ। दौड़ना नहीं।”

दोघांनी पट्टीवर सरपटत येऊन सुरेंदर मिस्त्रीला काखेत धरून वर ओढलं. त्याला अडीच मिनिटं लागली. तेवढा वेळ आप्पा हात जोडूनच उभे होते. ते खाली घ्यायचं त्यांना सुचलं नसावं.

मिस्त्री उतरून आला. मांडी सोलवटली होती, बाकी ठीक होता. तो लंगडत फक्कीच्या चौकोनात गेला, बूट उचलला आणि आम्हाला सांगितलं, “पाँव गया था साहब, हम नहीं गए।”

तात्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि जखम धुवायला पाणी मागितलं. औषधांची पेटी पुतण्याच्या दुकानात होती. पाण्याचं खातं ज्यांच्याकडे, ते मेव्हणे जेजुरीला गेले होते. मनीषा कंटेनरमधून घरची कळशी घेऊन आली. मिस्त्रीची जखम धुतली गेली, सगळे कंटेनरमध्ये येऊन बसले, मग तिने चहा आणला. तात्यांनी कप घेतला नाही.

“परमिट दाखवा,” ते म्हणाले.

“कसलं परमिट?”

“उंचीवरच्या कामाचं. आज वर कोण चढणार, खाली काय सोय हाय, कुणाच्या सहीनं चढणार.”

“तात्या, हे रान हाय. कंपनी न्हाई.”

“कंपनीलाच देणार हाय न्हवं? आमच्याकडं सहीबिगर बल्ब बदलायला शिडी लावत न्हाईत. सही करणारा कोण हितं?”

“ठेकेदार.”

“कुठंय?”

“पुण्याला.”

“आन् पत्रे चढवायची घाई कुणाला हाय?”

आप्पांनी कप तात्यांकडे सरकवला. चहावर साय धरत होती. व्याह्याने चहा नाकारला आहे, हे एव्हाना कंटेनरबाहेर उभ्या असलेल्या वॉचमनलाही कळलं होतं.

“चहा तरी घ्या,” आप्पा म्हणाले.

“घेतो. आदी एक सांगा. लग्नात भाजीत मीठ जास्त पडलं तर आमचं वऱ्हाड कुणाकडं बघंल? आचाऱ्याकडं?”

“माझ्याकडं.”

“का? आचाऱ्याला ठेका दिलाय न्हवं?”

“दिलाय. पर मुलीचा बाप मी हाय.”

“मंग गोडाऊनचा बाप कोण?”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून गोडाऊनच्या छपराकडे पाहिलं. कायद्याची व्याख्या मी त्यांना तीन वेळा वाचून दाखवली होती. एवढ्या थोडक्यात ती मला सांगता आली नव्हती.

“ठेका दिला म्हंजी कन्यादान केलं,” मनीषा मधेच म्हणाली. ती ट्रे धरून दारातच उभी होती. “सासरचं सासरच्यांनी बघावं. असंच म्हणला हुता ना आप्पा तुम्ही? म्हंजी दौंडला माझं काय बी झालं तर तुमचा संबंध न्हाई.”

होणाऱ्या सासऱ्यासमोर मुलीने असं बोलणं हे बुटापेक्षा मोठं संकट होतं. आप्पांनी डोळे मिटले. तात्यांनी पहिल्यांदा चहाचा कप हातात घेतला.

“पोरगी इचारते ते बरोबर हाय. आम्ही कमी पडलो तर तिचा बाप दौंडला येणार का न्हाई, हे मला बी कळू द्या.”

“येणार,” आप्पा म्हणाले. “तवाच्या तवा येणार.”

तात्यांनी मिस्त्रीकडे बोट दाखवलं. “आन् ह्याच्यासाठी कोण येणार?”

मिस्त्री बुटाची नाडी बांधत होता. आपल्याबद्दल बोलणं चाललंय एवढं त्याला कळलं असावं. त्याने नाडी सोडून पुन्हा बांधली.

मग आप्पा उठले, गणपतीच्या तसबिरीमागून फॉर्म काढला आणि टेबलावर पसरला. पेन हातात घेऊन ते थांबले.

“पर भावकी,” ते म्हणाले.

“हितं नाव न्हाई म्हणून कुणी रुसणार न्हाई आप्पा,” मनीषा म्हणाली. “इचारून बघा की.”

आप्पांनी खरोखरच विचारलं. गळ्यातला मोबाईल काढून त्यांनी एकेकाला फोन लावला. गोडाऊनच्या सरकारी कागदावर जबाबदार म्हणून नाव घालायचं आहे, तुमचं घालू का. पुढच्या अर्ध्या तासात मी जेवढा उदारपणा ऐकला तेवढा वार्ताहर म्हणून सत्कारांच्या भाषणांतही ऐकला नव्हता. थोरले मेव्हणे जेजुरीहून म्हणाले, मान तुमचाच. पुतण्या म्हणाला, वडीलधाऱ्यांच्या पुढे मी कसा येऊ. चुलत भाऊ म्हणाला, मला संडास दिलाय तेवढा पुरे. हयात असलेल्या सगळ्यांना फोन लावायची गरज पडली नाही. सात फोनांनंतर आप्पांनी मोबाईल गळ्यात घातला आणि सही केली. ती करायला त्यांना वेळ लागला. सही मोडी वळणाची होती, वडिलांकडून शिकलेली.

तात्यांनी चहा संपवला. तो एव्हाना पाणी झाला होता. मग त्यांनी निर्णय सांगितला. लग्न शेजारच्या रानात, मांडव घालून. पुरं न झालेल्या छपराखाली दौंडचं वऱ्हाड उभं राहणार नाही. हा आमचा मान समजा, असं ते म्हणाले. कायदा, कंपनी आणि मी, या तिघांना जे जमलं नव्हतं ते वरपक्षाच्या मानाने जमलं. काम बंद झालं. पाचव्या दिवशी जाळी आली.

फॉर्म घेऊन मी कामगार खात्याच्या कार्यालयात गेलो. त्याच्या चारही कोपऱ्यांना हळदीकुंकू लागलेलं होतं. ते कुणी लावलं हे मी विचारलं नाही. कारकुनाने ते झटकलं आणि शिक्का मारला. सूचना फार उशिरा मिळाल्याचा शेरा त्याने लिहिला. तो योग्यच होता. भूमिपूजनाची पत्रिकाही त्याच्या फाइलमध्ये नीट लावलेली होती, आवक क्रमांक टाकून.

सहीचा परिणाम इतका होईल असं मात्र मला वाटलं नव्हतं. आप्पांनी झेंडूचे वाफे मोडून मांडवाला जागा केली आणि मांडववाल्याला पहिल्याच दिवशी विचारलं, बांबूवर कोण चढणार, खाली काय सोय हाय. मांडववाला तीस वर्षं मांडव घालत होता. त्याच्या माणसाला आप्पांनी बांबूवरून खाली उतरवून कमरेला पट्टा बांधला आणि दोर अडकवल्याशिवाय वर जाऊ दिलं नाही. आचाऱ्याला सिलिंडर चुलीपासून लांब ठेवायला लावले. वरातीच्या घोड्याचा मालक बरोबर आहे का, तो कुठे राहतो, घोडा उधळला तर कुणाला बोलवायचं, हे सगळं त्यांनी लिहून घेतलं. नवरदेवाच्या मित्रांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की हे असंच असतं का. मी म्हणालो, आता असंच राहील.

लग्न वेळेवर लागलं. सुरेंदर मिस्त्री आणि त्याचे पाच सोबती पहिल्या पंगतीला होते. आहेराच्या वेळी मानकऱ्यांची नावं पुकारली गेली. व्याह्यांनंतर चौथं नाव मिस्त्रीचं होतं. ताटात टॉवेल, टोपी, नारळ आणि लोखंडी टोकाचे नवे बूट होते. त्याने टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला, आणि मंडपात बूट घालावेत की हातात धरावेत हे न कळून ते छातीशी धरून फोटो काढून घेतला. काहीच न घडल्याचा फोटो म्हणून माझ्याकडे तो एकच आहे.

गोडाऊन ठरल्यापेक्षा महिनाभर उशिरा पुरं झालं. छपरावरून कुणी पडलं नाही. सगळीकडे असं झालं, असं नाही. पुढच्या वर्षांत दोन साइटींवर मी उशिरा पोचलो. तिथे पाहुणे आले नव्हते आणि बूट एकटा पडला नव्हता. त्या बातम्या तेव्हा छापून आल्या, दोन दोन परिच्छेदांच्या.

सहीच्या दुसऱ्या दिवशी आप्पांनी अपघात नोंदवही मागून घेतली होती. अशुभाचं काय, असं मी विचारलं नाही. नोंद करायचं काम माझं, पण वही त्यांनी स्वतःपुढे ओढली. माणूस वाचलेल्या अपघाताची नोंद कशी करतात, एवढंच मला विचारलं. मी म्हणालो, काय झालं, कधी झालं, का झालं. त्यांनी वर ‘श्री’ लिहिलं आणि पाऊण तास बसून एक नोंद केली. त्या पानाची झेरॉक्स मी जपून ठेवली आहे.

‘सकाळी ११ वाजून २० मिनिटे या वेळी शंकर आप्पा यांच्या गोडाऊनवर सुरेंदर मिस्त्री यांचा उजवा पाय पत्र्यातून खाली आला. बूट व्याह्यांपुढे पडला. माणूस वर राहिला ही देवाची कृपा. जाळी नव्हती. दोर नव्हता. ते आणायचे काम कुणाचे होते? माझे.’

बातमी म्हणून पाहिलं तर तिच्यात दोष आहेत. देवाची कृपा काढावी लागेल. व्याहीही काढावे लागतील. जागा फारच कमी असेल तर बूटसुद्धा जाईल. शेवटचा शब्द ठेवावा लागेल. नऊ वर्षांत त्याच्या आधीचा प्रश्न मी एकदाही कुणाला विचारला नव्हता.